एका शिवारातली तूर, चार ठिकाणच्या नोंदी : ऑन्टॉलॉजीच्या पुनर्वापराचं एक प्रकरण

परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतल्या काही शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आपली माहिती एका जागी आणायचं ठरवलं, तेव्हा माहितीची वानवा नव्हती. माती परीक्षणाचे अहवाल होते. तूर आणि सोयाबीनच्या प्लॉटवर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी मोबाइलवर भरलेल्या नोंदी होत्या. खरेदी केंद्रावर आलेल्या मालाचा हिशेब होता. शिवाय आधीच्या एका प्रकल्पातून उरलेली ऑन्टॉलॉजीची एक फाइल होती. चारही ठिकाणी तूर होती, पण एका ठिकाणच्या तुरीचा दुसऱ्या ठिकाणच्या तुरीशी मेळ बसत नव्हता.

या माहितीची रचना ठरवायचं काम माझ्याकडे होतं. ऑन्टॉलॉजी हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिमँटिक वेबमध्ये प्रत्येक वस्तूला, गुणधर्माला आणि संबंधाला वेबवरचा एक कायमचा पत्ता असतो. 'या प्लॉटवर हा वाण पेरला' यासारखी विधानं त्या पत्त्यांच्या आधारे लिहिली जातात. कोणते वर्ग आहेत, त्यांचे एकमेकांशी संबंध काय आणि एका विधानावरून दुसरं कोणतं विधान निघतं, हे सगळं संगणकाला समजेल अशा काटेकोर भाषेत मांडलेला आराखडा म्हणजे ऑन्टॉलॉजी. त्यासाठीची ओडब्ल्यूएल ही भाषा डब्ल्यू-थ्री-सी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये प्रमाण केली आणि २००९ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. शब्दसंग्रह आणि विषयसूची मांडण्यासाठीचं स्कॉस हे हलकं प्रमाणही २००९ चंच. शेतीच्या क्षेत्रात जगभर इतकं तयार काम झालेलं आहे की सगळं स्वतः नव्याने लिहीत बसणं हा वेळेचा अपव्यय ठरला असता. तयार कामातलं काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि घेतलेलं कसं सांभाळायचं, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

आधी प्रश्न, मग संकल्पना

ऑन्टॉलॉजीने कोणत्या प्रश्नांची उत्तरं द्यायला हवीत ते आधी लिहून काढायचं, ही पद्धत १९९० च्या दशकापासून रूढ आहे. आम्ही कंपन्यांचे संचालक, प्लॉटवर जाणारे कार्यकर्ते आणि खरेदी केंद्रावरचा माणूस यांना एकत्र बसवून प्रश्न गोळा केले. ज्या प्लॉटवर स्फुरद (फॉस्फरस) कमी निघालं, तिथे सोयाबीनचा एकरी उतारा किती आला? बीडीएन ७११ आणि बीएसएमआर ७३६ हे तुरीचे वाण शेजारी-शेजारी होते, तिथे मर (झाड वाळवणारा रोग) कुठे जास्त लागली? अमुक गावातून आलेला माल कोणत्या वाणाचा होता? असे प्रश्न पानभर झाले. ज्याच्याशिवाय या पानावरच्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर अडेल, तेवढंच बाहेरून आणायचं, असा नियम त्याच बैठकीत ठरला.

क्षेत्र समन्वयक ताईंनी तिथेच विचारलं, "दादा, एक्सेलमधी भागायलंय की आपलं. कशाला एवढा खटाटोप करायलाव?" प्रश्न रास्त होता. एकच प्रयोगशाळा, एकच हंगाम आणि नोंद करणारा एकच माणूस असेल तर एक्सेल पुरतं. मी तर म्हणेन की पुष्कळ प्रकल्पांना ऑन्टॉलॉजी लागतच नाही, शब्दांची नीट राखलेली यादी त्यांना पुरेशी असते. इथे मात्र वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कामासाठी केलेल्या नोंदी एकमेकींशी बोलत्या करायच्या होत्या. दोन नोंदींतला आकडा एकाच गोष्टीचा आहे की नाही, हे एक्सेलचा स्तंभ सांगत नाही.

हाती आलेली फाइल

जुनी फाइल एका सल्लागार संस्थेने बनवलेली होती. प्रकल्प संपला, संस्था दुसऱ्या कामाला लागली आणि तिच्या वेबसाइटच्या नावाचं नूतनीकरण झालं नाही. फाइलमधली प्रत्येक संकल्पना त्याच नावाखालच्या पत्त्यावर होती. त्यामुळे 'ही संकल्पना म्हणजे नेमकं काय' हे बघायला पत्ता उघडला की समोर काहीच येत नसे. फाइलवर आवृत्तीचा क्रमांक नव्हता. कुठली संकल्पना कुठल्या आंतरराष्ट्रीय संग्रहातून उचलली याची नोंद नव्हती. नाव उचलून, नवा पत्ता लावून ती आपलीच म्हणून मांडलेली होती. याला मी पुनर्वापर म्हणणार नाही. मूळ ठिकाणी व्याख्या दुरुस्त झाली तर ती दुरुस्ती इथपर्यंत पोचायची वाटच या पद्धतीत उरत नाही.

दुसऱ्या बाजूने अतिरेक झाला होता. सजीवांचं वर्गीकरण हवं म्हणून एनसीबीआय या अमेरिकी जैवमाहिती केंद्राच्या वर्गीकरणाची पूर्ण ऑन्टॉलॉजी इम्पोर्ट केलेली होती. त्या वर्गीकरणात जगभरातल्या जीवजातींचे लाखो वर्ग आहेत आणि आपल्याला हवी होती तीन-चार पिकं आणि काही बुरशा. ओडब्ल्यूएलमधलं इम्पोर्ट साखळीसारखं चालतं : तुम्ही एक फाइल आणता, ती फाइल आणखी ज्या फायली आणते त्याही तुमच्या गळ्यात येतात. प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल उघडली की यंत्र अडून बसायचं, आणि लिहिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढणारं हर्मिट हे तर्कयंत्र कधी उत्तर देईल याचा भरवसा नसे.

तीन तुरी

सगळ्यात खोल गाठ तुरीपाशी होती. जुन्या फाइलमध्ये 'तूर' हा एकच वर्ग होता आणि तो बाहेरच्या तीन ठिकाणांशी 'सेम ॲज' या संबंधाने जोडला होता. एक ठिकाण ॲग्रोव्हॉक, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा १९८० च्या दशकापासून चालत आलेला बहुभाषिक शब्दसंग्रह. दुसरं क्रॉप ऑन्टॉलॉजी, जी सीजीआयएआर या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधनाच्या जाळ्यातल्या केंद्रांनी पीक सुधारणेच्या कामासाठी उभी केली. तिसरं, एनसीबीआयच्या वर्गीकरणातली कजानस कजान ही जात.

तिन्ही ठिकाणी तूरच आहे, मग बिघडलं कुठे? ॲग्रोव्हॉकमध्ये वनस्पती आणि तिच्यापासून मिळणारा माल या दोन वेगळ्या संकल्पना असतात. मक्याचं शास्त्रीय नाव असलेली वनस्पती वेगळी, धान्य म्हणून मका वेगळा. तुरीचंही तसंच, आणि जुन्या फाइलने जोडली होती ती मालाची संकल्पना. क्रॉप ऑन्टॉलॉजीतली तूर ही पैदासकाराच्या नजरेतलं पीक आहे : फुलोऱ्याला लागणारे दिवस, शंभर दाण्यांचं वजन, झाडाची उंची. एनसीबीआयची तूर ही निव्वळ जीवशास्त्रीय जात.

'सेम ॲज' हा संबंध दोन्ही बाजूंनी लागू होतो आणि पुढे पुढे पोचतो. अ म्हणजे ब, आणि ब म्हणजे क असं लिहिलं की अ म्हणजे क हे तर्कयंत्र आपोआप मानतं. परिणामी या तीन तुरी मिळून एकच वस्तू झाली. त्या एका वस्तूला सेंटीमीटरमध्ये उंची होती, क्विंटलमागे भाव होता आणि तिच्यावर बुरशीही वाढत होती. खरेदी केंद्रावरच्या नोंदी प्लॉटवरच्या नोंदींत मिसळायच्या त्या इथूनच. तर्कयंत्राचा यात दोष नाही. त्याला जे सांगितलं तेच त्याने मानलं.

आम्ही आपल्या नामावकाशात, म्हणजे आपल्या स्वतःच्या पत्त्यांच्या संचात, तीन वर्ग वेगळे केले : तुरीचं उभं पीक, तूर हा माल आणि तूरडाळ. माल पिकापासून मिळतो, डाळ मालापासून होते, हे संबंध लिहिले. बाहेरच्या संकल्पनांशी जोडताना 'सेम ॲज' पूर्ण बंद केलं आणि स्कॉसमधले जुळणीचे संबंध वापरले. त्यातही 'एक्झॅक्ट मॅच' जपूनच वापरला, कारण स्कॉसच्या प्रमाणानुसार तोसुद्धा पुढे पुढे पोचतो. 'क्लोज मॅच' तसा पोचत नाही, म्हणून शंका असेल तिथे तोच. प्रत्येक जुळणीपाशी ती कोणी ठरवली, केव्हा आणि कुठली व्याख्या वाचून, हे लिहिलं. नाव जुळलं म्हणून जोडलं, असं एकही उदाहरण नव्या फाइलमध्ये ठेवलं नाही.

ॲग्रोव्हॉकबद्दल आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. त्यातला 'ब्रॉडर' हा संबंध वाचकाला व्यापक विषयाकडे नेण्यासाठी असतो. तो सरसकट 'उपवर्ग' म्हणून ओडब्ल्यूएलमध्ये बदलला की भलतेच निष्कर्ष निघतात. उपवर्ग म्हणजे 'याचा प्रत्येक घटक त्याचाही घटक आहे' असं ठाम विधान. व्यापक विषय तेवढं ठाम काही म्हणत नाही. जुन्या फाइलमध्ये हे रूपांतर आपोआप केलेलं होतं आणि ते आम्ही मुळापासून काढून टाकलं.

स्फुरदाचे दोन आकडे

माती परीक्षण दोन प्रयोगशाळांतून होत होतं. दोन्ही अहवालांत 'उपलब्ध स्फुरद, किलो प्रति हेक्टर' असाच मथळा. मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर आमच्या सोबत होते. एकाच गावातल्या शेजारच्या दोन शेतांचे अहवाल त्यांनी टेबलावर समोरासमोर ठेवले आणि म्हणाले, "हे दोघं एकच लिहायलेत, पण एकच मोजत नाहीत."

एक प्रयोगशाळा स्फुरद मूलद्रव्याच्या रूपात, म्हणजे नुसतं पी म्हणून देत होती. दुसरी तेच पी-टू-ओ-फाइव्ह या ऑक्साइडच्या रूपात देत होती, जसं खताच्या पोत्यावर लिहिलेलं असतं. पी चा आकडा २.२९ ने गुणला की पी-टू-ओ-फाइव्हचा आकडा मिळतो. समजा जमिनीत हेक्टरी ९ किलो पी आहे. नेहमीच्या वर्गवारीत पी १० किलोच्या खाली असेल तर ते 'कमी'. तीच माती दुसऱ्या प्रयोगशाळेत गेली तर आकडा येतो साधारण २०.६. तो पी च्या तक्त्यात बघितला की 'मध्यम'. जमीन तीच, पण एका अहवालावर शेतकऱ्याला स्फुरदयुक्त खत वाढवायला सांगितलं जाईल आणि दुसऱ्यावर नाही.

मापनाच्या एककांची तयार ऑन्टॉलॉजी आहे, क्यूयूडीटी नावाची, आणि आम्ही ती वापरतो. पण दोन्ही आकड्यांचं एकक किलो प्रति हेक्टरच आहे, त्यामुळे हा घोटाळा तिने सुटत नाही. फरक मोजलेल्या गोष्टीत आहे. इथे सोसा कामी आली. निरीक्षणं, नमुने आणि संवेदक यांच्यासाठीची ही छोटी ऑन्टॉलॉजी डब्ल्यू-थ्री-सीने २०१७ मध्ये प्रमाण केली. तिच्यात निरीक्षण हीच एक वस्तू असते. कशाचं निरीक्षण, कोणता गुणधर्म, कोणत्या पद्धतीने, कोणत्या नमुन्यावर आणि निकाल काय, हे सगळं त्या वस्तूला जोडलेलं असतं. नमुना जमिनीतून घेतला तो काळ आणि अहवाल आला तो काळ हे वेगवेगळे ठेवायची सोयही तिच्यात आहे. आमच्याकडे नमुना उन्हाळ्यात घेतलेला आणि अहवाल पेरणीनंतर आलेला, असे प्रकार होते, म्हणून हे महत्त्वाचं.

सोसाच्या व्याख्या वाचल्या आणि त्या जशाच्या तशा पटल्या. मग सोसा आम्ही पूर्ण घेतली, तिच्या मूळ पत्त्यांसह, काही न बदलता. तिच्याखाली आपले दोन गुणधर्म केले : 'उपलब्ध स्फुरद, मूलद्रव्य रूपात' आणि 'उपलब्ध स्फुरद, ऑक्साइड रूपात'. दोन्हींतला गुणकही लिहून ठेवला. पद्धत वेगळी नोंदली. आपल्याकडच्या विम्लधर्मी (अल्कधर्मी), चुनखडीयुक्त काळ्या जमिनीला ओल्सेनची पद्धत लागते. आम्ल जमिनीसाठीची ब्रेची पद्धत वापरलेला आकडा त्याच रांगेत बसवता येत नाही. पद्धत नसेल, रूप नसेल किंवा नमुन्याची खोली नसेल तर नोंद आत येऊच नये, यासाठी शॅकल या प्रमाणात तपासणीचे नियम लिहिले. शॅकलसुद्धा २०१७ चंच. प्रयोगशाळेतल्या ताईंना सुरुवातीला हा जाच वाटला. पण परत आलेल्या नोंदीसोबत 'काय राहिलं' ते मराठीत दिसायला लागल्यावर त्यांनीच अहवालाच्या नमुन्यात दोन रकाने वाढवून घेतले.

ओडब्ल्यूएल आणि शॅकल यांच्या कामातल्या फरकाबाबत पुष्कळ ठिकाणी गल्लत होते. ओडब्ल्यूएलमध्ये एखादी गोष्ट लिहिलेली नसेल तर ती 'नाही' असं मानत नाहीत, फक्त 'माहीत नाही' असं मानतात. त्यामुळे ओडब्ल्यूएलमध्ये 'प्रत्येक निरीक्षणाला पद्धत असते' असं लिहिलं तर पद्धत नसलेली नोंद चुकीची ठरत नाही. कुठलीतरी पद्धत असणार, एवढंच तर्कयंत्र समजून घेतं. नोंद पुरी आहे का हे बघायचं असेल तर ते शॅकलचं काम.

वाळलेलं झाड आणि रोगाचं नाव

मोबाइलच्या फॉर्ममध्ये रोगांची एकच यादी होती आणि त्यात 'मर' हा एक पर्याय. तुरीसाठीही तोच, हरभऱ्यासाठीही तोच. तुरीवरची मर फ्युजेरियम उडम या बुरशीमुळे होते आणि हरभऱ्यावरची फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमच्या एका खास प्रकारामुळे. दोन्ही जमिनीतून येतात, पण तुरीला मर लागली त्या शेतातल्या हरभऱ्याला तीच लागेल, असा निष्कर्ष यंत्राने काढायला नको.

त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. कार्यकर्त्याला शेतात दिसतं ते वाळलेलं झाड. मर असेल तर खोडावर बुडापासून वर चढणारा जांभळट-तपकिरी पट्टा दिसतो आणि खोड उभं चिरलं की आतल्या जलवाहिन्या काळपट झालेल्या असतात. पाणी साचलेल्या शेतात फायटोप्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूने खोड करपूनही झाड वाळतं. वांझ रोगात तर झाड वाळत नाहीच : ते हिरवं, झुडपासारखं राहतं, पानं बारीक आणि फिकट चट्ट्यांची होतात आणि फुलं धरत नाहीत. हा रोग सूक्ष्म कोळी पसरवतो. जुन्या फाइलमध्ये वांझ रोग हा मरीचा उपवर्ग होता. 'तुरीचं पीक गेलं' या एका शेऱ्याखाली सगळं एकत्र गोळा झालं असावं, असं दिसतं.

आम्ही लक्षण आणि निदान वेगळं केलं. कार्यकर्ता आता लक्षण भरतो : झाड वाळलं, पट्टा दिसला की नाही, खोड चिरून बघितलं का, शेतात पाणी साचलं होतं का, पीक कोणत्या अवस्थेत होतं. हे सोसातलं निरीक्षण. निदान ही स्वतंत्र वस्तू आहे. ती कोणी केली, कोणत्या निरीक्षणांच्या आधारे आणि किती खात्रीने, हे तिच्यासोबत असतं. त्यासाठी प्रॉव्ह-ओ ही २०१३ ची डब्ल्यू-थ्री-सीची ऑन्टॉलॉजी घेतली. एखादं विधान कशावरून आणि कोणामुळे आलं, हे मांडण्यासाठीच ती आहे. कारक बुरशीचे पत्ते एनसीबीआयच्या वर्गीकरणातून घेतले, कारण बुरशांची नावं आणि वर्गीकरण बदलत राहतात. तो बदल सांभाळायची ताकद आमच्यात नाही, त्यांच्यात आहे.

या दुरुस्तीनंतर जुन्या नोंदींचं काय करायचं, यावर बराच खल झाला. जिथे फक्त 'मर' लिहिलेलं होतं, तिथे आम्ही निदान केलं नाही. ती 'वाळल्याची नोंद, लक्षणं अपुरी' म्हणून ठेवली. बीडीएन ७११ आणि बीएसएमआर ७३६ यांच्या तुलनेत ती मोजली जात नाही. काही संचालकांना हे आवडलं नाही, आकडे कमी होतात म्हणून. मला मात्र हेच बरोबर वाटतं. कोणता वाण मरीला दाद देत नाही याचा निष्कर्ष कोणी बियाणं घेताना वापरणार असेल, तर त्यामागची नोंद खरंच मरीची असायला हवी.

किती आणायचं, आणि कसं

मोठ्या ऑन्टॉलॉजीतून हवा तेवढाच भाग काढायच्या दोन वाटा आम्ही वापरल्या. पहिली मिरिओट. यात बाहेरच्या संकल्पनेचा मूळ पत्ता, नाव, व्याख्या आणि तिचं आपल्या वर्गांच्या उतरंडीतलं स्थान एवढंच आणतात. पीक आणि बुरशीच्या जातींसाठी ही पुरली, कारण त्यांच्यामागच्या तर्कविधानांची आपल्याला गरज नव्हती. दुसरी वाट मॉड्यूल काढायची : दिलेल्या संकल्पनांबद्दल मूळ ऑन्टॉलॉजीतून जे जे निष्कर्ष निघतात, ते छोट्या भागातूनही तसेच निघतील, अशी हमी देणारा तुकडा कापायचा. वनस्पतीच्या अवयवांसाठी प्लँट ऑन्टॉलॉजीतून हवं होतं, तिथे हे केलं, कारण 'शेंग हा झाडाचा भाग आहे' यासारखे संबंध तर्काला लागत होते.

दोन्ही कामं रोबोट या साधनाने होतात. जीवशास्त्रातल्या ऑन्टॉलॉजी राखणाऱ्या मंडळींनी ते बनवलं आहे. कमांड एका फाइलमध्ये लिहून ठेवली, म्हणजे पुढच्या वेळी कोणीही तोच तुकडा पुन्हा काढू शकतो. हवे असलेले पत्ते साध्या मजकूर-फाइलमध्ये, प्रत्येकासमोर 'कोणत्या प्रश्नासाठी हवा' असा शेरा. एखाद्या पत्त्यासमोर शेरा लिहिता आला नाही तर तो पत्ता काढून टाकायचा. उरलेली रचना ओडब्ल्यूएलच्या ईएल या मर्यादित पण झटपट चालणाऱ्या रूपात बसली, आणि एल्क हे तर्कयंत्र ती साध्या लॅपटॉपवर तपासतं. जुन्या फाइलसाठी वेगळा सर्व्हर घ्यायचा विचार चालला होता, तो खर्च वाचला.

काही गोष्टी मुद्दामच घेतल्या नाहीत. पर्यावरणाच्या एन्व्हो या ऑन्टॉलॉजीत व्हर्टिसॉल हा मातीचा प्रकार आहे आणि मराठवाड्यातली बेसॉल्टपासून झालेली, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन बहुतांशी त्याच प्रकारात मोडते. पण शेतकऱ्याने 'भारी' म्हटलेली जमीन दरवेळी व्हर्टिसॉल असेलच असं नाही. भारी, मध्यम, हलकी ही त्याची वर्गवारी खोली, ओल धरून ठेवायची ताकद आणि नांगराला लागणारा जोर यांवर उभी आहे. ती आमच्या नामावकाशात स्वतंत्र ठेवली आणि व्हर्टिसॉलशी फक्त 'रिलेटेड मॅच' हा 'संबंध आहे' एवढंच सांगणारा दुवा लावला. चोपण आणि खारवट यांचं वेगळं. सामू (पीएच), क्षारता आणि विनिमयक्षम सोडियम मोजलेलं असेल तिथेच त्यांना प्रमाण वर्गांशी जोडलं.

नावं बदलतात

२०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. जुन्या फाइलमध्ये संकल्पनेच्या पत्त्यातच जिल्ह्याचं नाव होतं. आम्ही पत्ते निरर्थक आकड्यांचे केले. नाव हे फक्त लेबल, त्याला लागू असल्याचा काळ जोडलेला. जनगणना २०११ चे संकेतांक आणि केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतले संकेतांक सोबत ठेवले. २०११ च्या जनगणनेत उस्मानाबाद ५२५ होतं. धाराशिव म्हटलं तरी त्या जुन्या आकडेवारीपर्यंत पोचता यायला हवं.

नाव बदलणं तसं सोपं प्रकरण. हद्द बदलली की गुंतागुंत होते. हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचा 'परभणी' हा आजच्या परभणीपेक्षा मोठा होता. हे दोन परभणी आम्ही दोन वेगळ्या वस्तू केल्या आणि 'याच्या जागी ते आलं' असा संबंध लिहिला. नाहीतर जुन्या उत्पादनाच्या आकड्यांत परभणी एकदम ओसरल्यासारखा दिसतो.

वाणांच्या नावांतही असाच इतिहास आहे. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून सुरू झालं आणि २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. सोयाबीनचा एमएयूएस ७१ मात्र जुन्या इंग्रजी आद्याक्षरांसह तसाच आहे आणि शेतकरी त्याच नावाने बियाणं मागतो. म्हणून वाणाच्या नावातून संस्थेचा संबंध काढायचा नाही. तो वेगळा लिहायचा.

मराठी लेबलांचा नियम स्कॉसनेच घालून दिलाय : एका भाषेत पसंतीचं नाव एकच. 'हरभरा' पसंतीचं, 'चणा' पर्यायी. 'सोयाबिन', 'बी डी एन ७११', 'बदनापूर ७११' अशी फॉर्ममध्ये येणारी रूपं लपलेल्या लेबलांत, म्हणजे शोधताना सापडतात पण अहवालात छापली जात नाहीत. ॲग्रोव्हॉकच्या संकल्पनांना दिलेली आमची मराठी नावं वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आहेत, मूळ तुकड्यात मिसळलेली नाहीत.

राखण

पत्ते आता डब्ल्यू-थ्री-आयडी या सामुदायिक सेवेतून जातात. तिथे फक्त 'हा पत्ता विचारला तर अमुक ठिकाणी पाठवा' एवढी नोंद असते. उद्या कंपन्यांनी सर्व्हर बदलला तर ती एक ओळ बदलायची, पत्ते तेच राहतात. जुन्या फाइलच्या बाबतीत जे झालं ते पुन्हा होऊ नये, यासाठी यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

आवृत्त्या वर्षाला दोन : एक खरिपाआधी मे महिन्यात, दुसरी रब्बीआधी सप्टेंबरमध्ये. फॉर्म याच वेळी बदलतात आणि कार्यकर्त्यांचं प्रशिक्षणही याच वेळी होतं. मधल्या काळात फक्त लेबलांतल्या चुका दुरुस्त होतात, अर्थ बदलत नाही. प्रत्येक आवृत्तीला स्वतःचा पत्ता आहे आणि बाहेरचे तुकडे कोणत्या आवृत्तीतून काढले ते त्यात लिहिलेलं असतं. ॲग्रोव्हॉक दर महिन्याला नवी आवृत्ती देतं. आम्ही त्यामागे धावत नाही. आपल्या आवृत्तीआधी एकदा तुकडे नव्याने काढायचे, रोबोटने जुन्या-नव्यातला फरक छापायचा आणि तो सर, प्रयोगशाळेतल्या ताई आणि मी बसून वाचायचा. पुनर्वापराचा खरा खर्च इथे आहे, आणि प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात तो बहुधा कुठेच धरलेला नसतो.

एखादी संकल्पना नको झाली तरी ती पुसत नाही. 'आता वापरात नाही' अशी खूण लावतो आणि तिच्या जागी कोणती वापरायची ते लिहितो. एकत्रित 'मर' अशीच निवृत्त केली आहे. पण तिच्या जागी एकच संकल्पना सांगता येत नाही, म्हणून 'तुरीची मर आणि हरभऱ्याची मर, या दोहोंपैकी विचार करा' असा शेरा आहे. नवी संकल्पना कोणीही सुचवू शकतं. मात्र मराठीत व्याख्या, एक खरी नोंद आणि बाहेर कुठे अशीच संकल्पना शोधली ते द्यावं लागतं. समन्वयक ताईंनी सुचवलेली 'दुबार पेरणी' अशाच वाटेने आली. तिच्यासाठी बाहेर शोधलेली कुठलीच व्याख्या त्यांच्या फॉर्ममधल्या नोंदीला लागू पडत नव्हती, म्हणून ती आमचीच राहिली.

स्फुरदाचा पहिला प्रश्न नव्या रचनेवर चालवला, तेव्हा आधी 'मध्यम' गटात बसलेले दुसऱ्या प्रयोगशाळेचे बरेच प्लॉट 'कमी' गटात आले. त्या गावांतल्या खताच्या शिफारशी सरांनी नव्याने लिहून दिल्या.

जुन्या वह्यांचा प्रश्न अजून बाकी आहे. त्यांत पेरणीची तारीख नाही, 'मृगात' किंवा 'आर्द्रात' एवढंच आहे. नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांचं. त्यासाठी काळाची ओडब्ल्यूएल-टाइम ही ऑन्टॉलॉजी घेऊन पेरणी एका दिवसावर न बसवता त्या कालखंडात मांडायची, असं ठरलं आहे. त्या त्या वर्षीचं नक्षत्र कधी लागलं हे पंचांगातून भरायचं काम एका कंपनीच्या कार्यालयात सुरू आहे. ते झालं की मे महिन्याच्या आवृत्तीत जाईल.